मोटर बंद पडेना

गॅरंटीतली मोटर दुरुस्त करण्यात मिस्त्रीचा फायदा शून्य. हात त्याचे काळे होणार, पाठ त्याची मोडणार, आणि पैसे मागायला गेलं की विक्रेता म्हणणार, कंपनीला कळवलंय, बघू. म्हणून एखादी नवी कोरी बोट वल्हं मारत धक्क्याकडे येताना दिसली की मिस्त्री हातातल्या कामात मान आणखी खाली घालायचा. शहाणा माणूस होता. त्या सकाळी मात्र त्याने मान वर केली, आणि तिथेच त्याचं नुकसान सुरू झालं.

बोट लहानशी, स्वस्तातली, रंगाचा वासही न गेलेली. तिच्यात एक मुलगी उभी राहून वल्हं मारत होती आणि मागे लटकलेल्या मोटरीला, धाकट्या बहिणीला सुनवावं तसं, हळू आवाजात सुनवत होती. खाऱ्या पाण्याने बटा कपाळाला चिकटलेल्या. नाकाचा शेंडा उन्हाने लाल.

"रागावून चालत नाहीत त्या," मिस्त्री म्हणाला.

"मग काय लाडाने चालतात?"

"करून बघितलेत कधी?"

तिने उत्तरादाखल दोर फेकला. तो मिस्त्रीने झेलला... म्हणजे त्याच्या तोंडावर बसला, पण तो आजही झेलला असंच सांगतो.

धक्क्यावर तिला सगळे कारकूनबाई म्हणायचे, कारण परवापरवापर्यंत ती बर्फाच्या कारखान्यात कारकून होती. थंडगार भिंती, वर एकच दिवा, आणि दिवसभर लाद्यांची नोंद. खिडकीतून बोटी जाताना दिसायच्या, तेवढीच काय ती मौज. शेवटी साठवलेलं सगळं काढून तिने ही बोट घेतली. तेही पुरेना, तेव्हा राहिलेली रक्कम आत्याने घातली.

आत्याने तिला लहानाची मोठी केली होती. आत्या म्हणजे काटकसरीचा अर्क. आगपेटीची काडी दोनदा पेटत नाही याचं तिला मनापासून दुःख होतं. तिने पैसे दिले, पण अट घालून दिले. विक्रेता महिनाभरात बोट परत घ्यायला तयार होता. तेवढ्या दिवसांत मोटर सुरळीत चालली तर बोट ठेवायची. नाहीतर बोट त्याच्या दारात, आणि भाची पुन्हा टेबलावर. भर पाण्यात बंद पडणारी बोट म्हणजे पैसे देऊन आणलेलं मरण, असं आत्याचं म्हणणं. कारखान्यातली खुर्चीही अजून रिकामीच होती. साहेबांना खात्री होती, ती परत येणार.

आणि मोटर तर अशी, की धक्क्यावर पहिल्या ओढीला सुरू. मांजरासारखी गुरगुरत बंदराच्या तोंडापर्यंत जायची. तिथे खोकायची, दोन आचके द्यायची आणि गप्प. मग दोर ओढून खांदा निखळला तरी हूं नाही की चूं नाही.

पहिल्या दिवशी मिस्त्रीने प्लग बदलला, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोलमध्ये पाणी तर नाही ना म्हणून टाकीचं टोपण उघडून पाहिलं. मोटर सुरू. दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच रड. मिस्त्री आला, प्लग पाहिला, टोपण उघडलं... मोटर सुरू. पुढेही रोज तेच. धक्क्यावरच्या लोकांना आयताच विषय मिळाला. मोटर माणूस ओळखते म्हणाले. कुणी म्हणालं, मोटरच कशाला.

कारकूनबाई कानापर्यंत लाल झाली, पण हटली नाही. "तुम्ही तिला करता तरी काय?"

"काही नाही. नुसता येतो."

"मग मी रोज तुम्हाला बोटीत घालून न्यायचं का?"

"न्या की. मोटर लहान असली तरी दोघांना ओढेल."

नेलं. गंमत म्हणून नव्हे — महिना सरत चालला होता आणि आत्या रात्री जेवताना कारखान्याच्या पगाराचा विषय काढू लागली होती. बंदराच्या तोंडाशी मोटर खोकली. मिस्त्रीने टाकीपासून मोटरीकडे जाणाऱ्या नळीवरचा रबरी फुगा चाचपला. तो चपटा झाला होता. त्याने टाकीचं टोपण सैल केलं, तशी सुस्स करून हवा आत गेली. टोपणावर हवेसाठीचा एक छोटा स्क्रू होता, घट्ट आवळलेला. तो असतोच. रात्री बंद करायचा, सकाळी उघडायचा. उघडला नाही, तर बाटली ओठांना घट्ट लावून पाणी ओढत राहिल्यावर जे होतं तेच टाकीचं होतं: बाटली चपटी, घोट नाही.

एवढंच होतं. सकाळी हा स्क्रू उघडत जा, एवढं एक वाक्य सांगायचं होतं. मिस्त्रीने सांगायला तोंड उघडलं. ती शेजारी वाकून, श्वास रोखून टाकीकडे बघत होती. तिच्या बाहीला मिठाचा आणि नव्या रंगाचा वास होता. बोट हलली तसा तिचा खांदा त्याच्या खांद्याला लागला, आणि तिने तो काढून घेतला नाही.

"कळलं का काही?" तिने विचारलं.

"बघावं लागेल..." मिस्त्री म्हणाला. आणि अंगठ्याने स्क्रू हळूच सैल करून ठेवला.

त्या संध्याकाळी स्क्रू आवळणारे हातही त्याला दिसले. आत्या फिरायला म्हणून धक्क्यावर आली, बोटीत उतरली, टाकीशी नाक नेलं, आणि बोटांना रुमाल गुंडाळून स्क्रू असा पिळला की लोणच्याची बरणीही तेवढी घट्ट लागत नाही. वास येतोय म्हणजे पैसा उडतोय, असं ती शेजारच्या बोटवाल्याला समजावून सांगत होती. त्यात तिचं चुकत काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून मिस्त्री पहाटे, कारकूनबाई यायच्या आधी, धक्क्यावर जाऊ लागला. स्क्रू सैल करायचा आणि परत. आत्या संध्याकाळी आवळते, मिस्त्री पहाटे सोडतो. मोटर बंद पडेना.

तिला आनंद झाला. बंदराचं तोंड मागे टाकून ती उघड्या पाण्यात जाऊ लागली, टोपल्या भरून मासळी आणू लागली. आत्याने पगाराचा विषय बंद केला. पण चार दिवस गेले आणि तिला मोटरीचा राग येऊ लागला. एखादी मोटर इतकीही गुणी असू नये. शेवटी ती आपणच गिऱ्हाइकाच्या तोऱ्यात मिस्त्रीच्या दुकानात गेली आणि म्हणाली, आवाज जरा जाड वाटतोय. मिस्त्री म्हणाला, आवाज ठीक आहे. ती म्हणाली, लांबून कसं कळेल. मग दोघांनी बोटीत बसून तो ठीक असलेला आवाज बराच वेळ ऐकला. महिन्याचा एकच दिवस उरला होता.

त्याच दिवशी शेजारच्या बोटवाल्याने तिला बाजूला घेऊन सांगितलं, की पहाटे कुणीतरी तुझ्या टाकीवर वाकलेलं असतं. पेट्रोल मोजून बघ.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत ती बोटीतल्या ताडपत्रीखाली वल्हं घेऊन बसली. पावलं वाजली, बोट कलली, टोपणावर हात आला. तिने ताडपत्री भिरकावली, वल्हं उगारलं — आणि तसंच धरून राहिली.

"तुम्ही?"

मिस्त्रीने हात मागे घेतला नाही. आता घेऊन उपयोगही नव्हता. त्याने सगळं सांगितलं, अगदी आत्याच्या रुमालासकट. ती ऐकत गेली तसं वल्हं खाली आलं, पण नजर खाली आली नाही.

"एक वाक्य होतं," ती म्हणाली. "एवढे दिवस मी उघड्या पाण्यात जातेय, ती तुम्हाला जाग येण्याच्या भरवशावर. एखाद्या पहाटे तुमचा डोळा लागला असता तर?"

मिस्त्रीला इंजिनातलं सगळं कळत होतं, हे एवढं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. त्याचा चेहरा उतरला. "चुकलं माझं."

"ते चुकलंच. पण का?"

तो टाकीकडे बघत राहिला. "सांगितलं असतं तर... तुम्हाला माझी गरज उरली नसती."

"गरज मोटरीला होती. मला —" ती थांबली. पाणी बोटीच्या अंगाला हळू लागत होतं. "मला काय हवंय, ते तुम्ही विचारलंत कुठे?"

"काय हवंय?"

"आधी तो स्क्रू आवळा. होता तसा. आणि उतरा खाली. आज ही बोट माझी राहते की जाते ते ठरणार आहे, ते माझ्या हाताने ठरू दे. आणि उद्यापासून पहाटे यायचं नाही." मिस्त्री धक्क्यावर चढला तेव्हा पाठीमागून आवाज आला, जरा हळू. "संध्याकाळी ये. घरी. कारण न काढता."

तिने स्क्रू स्वतः उघडला आणि निघाली. मोटर बंदराच्या तोंडाशी खोकली नाही, पुढेही नाही.

दुपारी ती परतली तेव्हा आत्या बोट परत करायचा विक्रेत्याचा कागद घेऊन धक्क्यावर उभी होती. भाचीने टोपल्या खाली ठेवल्या आणि जे घडलं ते सांगून टाकलं. आत्याने शांतपणे ऐकलं.

"म्हणजे रात्री मी बंद करत होते ते बरोबर?"

"बरोबर."

"उघडायचं असतं हे तुला ठाऊक नव्हतं?"

"नव्हतं."

"त्याला ठाऊक होतं, पण बोलला नाही." आत्याने कागदाची घडी करून पिशवीत टाकली. कागदाची मागची बाजू कोरी होती, कामाला येणार होती. "मग तिघांत लबाड तो एकटाच. जेवायलाच बोलाव त्याला. मला बघू दे तरी."

पुढच्या वर्षी दोघांचं लग्न झालं. झाल्या व्यवहारात विक्रेत्याला बोट परत घ्यावी लागली नाही, हा त्याचा फायदा. कारखान्याला नवा कारकून मिळाला, तो आधीच्यापेक्षा कमी बोलतो म्हणतात. आत्याचं पेट्रोल वाचतं, आणि मोटरमिस्त्री घरचाच असल्याने दुरुस्ती फुकट. कारकूनबाईला समुद्र मिळाला. आणि उजाडायच्या कितीतरी आधी ती मिस्त्रीच्या अंगावरचं पांघरूण ओढते, मोटर जरा बघायला चल म्हणते. मोटरीला काही झालेलं नसतं. त्यालाही ते ठाऊक असतं. तरी तो डोळे चोळत, ठेचकाळत तिच्या मागोमाग धक्क्याकडे निघतो. सगळ्यांच्या वाट्याला नफा आला. भरणा तो एकटा करतोय, रोज पहाटे, आणि कुणी सूट देऊ केली तर घेणार नाही.