पटावरची विसावी

करंजमाळ वस्तीवरची शाळा म्हणजे दोन खोल्या, एक हापसा आणि पत्र्याच्या शेडात खिचडीची चूल. पारनेरहून स्कूटीवर यायला पाऊण तास लागतो, त्यातला निम्मा वेळ खड्डे चुकवण्यात जातो. शिक्षक दोन मंजूर, पण दुसरी जागा कधीपासून रिकामीच. पहिली ते चौथी सगळी पोरं एकाच खोलीत घेऊन सत्यशीलाबाई एकट्या किल्ला लढवायच्या. बाई तोंडानं फटकळ. कुणाचं पोरगं दोन दिवस आलं नाही की थेट घरी जाऊन त्याच्या बापाला फैलावर घ्यायच्या. पण वस्तीचा त्यांच्यावर जीव होता, हेही तितकंच खरं.

वस्तीवर पेपर येत नाही. तिथला पेपर म्हणजे शाळेच्या भिंतीवरचा फळा. कुणाची गाय व्याली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, कोण शिष्यवृत्तीत आलं, ते सगळं बाई रोज सुविचाराखाली लिहायच्या आणि फोटो काढून ग्रुपवर टाकायच्या. म्हातारी माणसं हापशावर यायची आणि पोरांकडून तो फळा वाचून घ्यायची. यंदा ऑगस्टात मात्र तीन दिवस फळा कोरा राहिला. तिसरीतली रेश्मा शाळेमागच्या शेततळ्यात बुडून गेली होती, आणि ती बातमी लिहायला बाईंचा हात उचलेना. तळ्यात काळा प्लास्टिकचा कागद अंथरलेला. तो ओला झाला की धट्ट्याकट्ट्या माणसाचाही पाय त्यावर ठरत नाही, मग आठ वर्षांच्या लेकराची काय कथा.

रेश्मा गेली आणि पट एकोणीसवर आला. पट वीसच्या आत गेला की शाळा बंद, अशी आवई तालुक्यात उठली होती. खरी की खोटी कोण जाणे, पण बाईंनी ती इतकी मनावर घेतली होती की स्वतःची दुसरीतली लेक ओवी, तिला पारनेरच्या इंग्रजी शाळेतून काढून त्यांनी इथं आणून बसवली होती. नवरा महिनाभर धड बोलला नव्हता. ओवी धरून वीस होत होते, आणि आता त्यातली एक गेली होती.

शाळा समितीचे अध्यक्ष छगनभाऊ संध्याकाळी येऊन पायरीवर बसले.

"बाई, रेश्माचं नाव कापू नका. तीस सप्टेंबरला पट धरत्यात. तेवढं निभावलं का वरीसभर घोर न्हाई."

"मेलेल्या लेकराची हजेरी लावू? भाऊ, शोभतं का हे?"

"न्हाई शोभत. पर शाळा बंद झाली तर ही बारकी पोरं हायवे वलांडून चार किलोमीटर जानार. त्यातलं येखादं गेलं, मंग ते शोभंल का?"

 दुसऱ्या दिवसापासून बाई रेश्माच्या नावापुढे मुकाट्यानं खूण करू लागल्या. नाव मोठ्यानं वाचत नव्हत्या, एवढंच काय ते समाधान.

पुढं पंचायत समितीच्या साहेबांचा निरोप आला, गुरुवारी पट बघायला येतो म्हणून. साहेबांसमोर हजेरी मोठ्यानं घ्यावी लागणार होती. मग बाईंनी जे केलं ते आई म्हणून करायला नको होतं. सकाळी स्कूटीवर बसताना त्यांनी ओवीला सांगितलं, "आज मी रेश्माताईचं नाव घेतलं की तू हजर म्हणायचं. मान खाली घालून, हळूच."

"ती नाहीये ना पण?"

"आजच्या दिवस, बाळा."

साहेब आले, खुर्चीत बसले, चष्मा पुसला. बाईंनी हजेरीपत्रक उघडलं आणि पहिलीपासून नावं घेत गेल्या. तिसरीवर आल्यावर त्यांनी त्या नावावर बोट टेकवलं.

"रेश्मा..."

"हजर बाई."

आवाज स्वच्छ आला. बाईंनी वर बघितलंच नाही. हजेरी संपली तसे साहेब उठले, पेनाच्या टोकानं एकेक डोकं मोजत भिंतीपर्यंत गेले आणि परत आले. बाईंनी सबब तयार ठेवली होती, एक मुलगी आत्ताच बाहेर गेली म्हणून. ती सांगायची वेळच आली नाही.

"वीस. बरोबर आहे," साहेब म्हणाले आणि त्यांनी सही केली.

गाडी निघून गेल्यावर बाई दारात तशाच उभ्या राहिल्या. मग आत येऊन त्यांनी स्वतः मोजलं. एकोणीस. पुन्हा मोजलं. एकोणीसच. साहेबांच्या मोजण्यात चूक झाली असणार, वय झालंय त्यांचं, असं म्हणून त्यांनी ओवीला जवळ घेतलं. "छान बोललीस गं."

"मी नाही बोलले आई. मी म्हणणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली."

बाकीची पोरं पाढे लिहीत होती. कुणाला काही वावगं वाटलेलं दिसत नव्हतं, आणि त्याचंच बाईंना जास्त भय वाटलं.

त्या दिवसापासून खिचडी पुरेना. गोजरबाई चुलीवर पंधरा वर्षं काढलेली बाई, तिचा अंदाज कधी चुकायचा नाही. ती पातेलं खरवडत म्हणाली, "बाई, तांदूळ मापानं घेती, ताटं एकुनीस वाढती, तरी येक ताट कमी पडतंय. रोजच्याला..."

"पोरांची भूक वाढली असेल."

"आसंल," गोजरबाई म्हणाली, पण तिनं बाईंकडे बघायचं टाळलं.

खोलीत पोरांना बसायला लांब पट्ट्या अंथरलेल्या असायच्या. खिडकीखालच्या पट्टीवर ओवी बसायची, आणि तिच्या शेजारची हातभर जागा रोज सकाळी ओली असायची. वर छप्पर कोरडं, खाली फरशी कोरडी, पट्टी तेवढी ओली. बाईंनी ती उन्हात टाकली, दुसरी आणली. तीही ओली झाली. वास यायचा... उन्हानं तापलेल्या प्लास्टिकचा आणि त्याखाली शेवाळलेल्या पाण्याचा. खिडकी उघडली की वास वाढायचा, लावली की खोलीतच कोंडून राहायचा. ओवी मात्र त्या जागेकडे तोंड करून कुजबुजत असायची, गणित अडलं की तिकडेच विचारायची. उत्तरं बरोबर यायची.

तीस तारीख उलटली. एक ऑक्टोबरला बाईंनी पहिलं काम काय केलं, तर लाल पेनानं रेश्माचं नाव कापलं. रेघ दोनदा ओढली. मग जीव थोडा हलका करून हजेरी घ्यायला बसल्या. पहिली झाली, दुसरी आली.

"ओवी."

"हजर बाई."

बाईंचं पेन थांबलं. ओवी शाळेतही त्यांना आईच म्हणायची. कितीदा बजावलं तरी म्हणायची. त्यांनी हळूहळू मान वर केली. ओवी खिडकीखाली बसली होती, ओठ मिटलेले, आणि बाईंकडे अशी बघत होती की तिचं नाव अजून यायचंच आहे.

त्या दुपारी बाईंनी शाळा लवकर सोडली आणि ओवीचा हात घट्ट धरून त्या रेश्माच्या घरी गेल्या. रेश्माची आई अश्विनी कांद्याच्या चाळीत सडके कांदे निवडत बसली होती. दोन महिन्यांत ती पोक काढून म्हातारी झाल्यासारखी दिसत होती. सत्यशीलाबाईंनी उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. पटाचं, साहेबांचं, ओल्या पट्टीचं. अश्विनीचे हात थांबले नाहीत.

"मला ठाव हाय ती शाळंत येती ते."

"ठाऊक आहे? आणि मला बोलली नाहीस?"

"काय बोलायचं? माती दिली तवा मी तिला सांगितलं हुतं, जा माझे बाय, मागं बघू नको. गेलीबी हुती ती, बाई. घर कसं सुनं सुनं झाल्तं. मंग येका गुरवारी चुलीपुढं बसली हुते, तर दप्तर वढल्याचा आवाज आला..." तिनं एक कांदा बाजूला टाकला. "तुमी हाक मारली तिला."

"मी फक्त हजेरी घेतली गं... शाळा वाचावी म्हणून..."

"लेकराला काय कळतंय हजेरी. बाईनी नाव घेतलं का जायचं, येवढंच तिला शिकवल्यालं."

बाईंना रडू फुटलं. चारचौघांत कधी डोळ्यातून टिपूस न काढणारी बाई, पण चाळीच्या दांड्याला धरून ती हमसून रडली. मग पदरानं तोंड पुसून त्यांनी पिशवीतून कागद काढला. येताना त्या शाळा सोडल्याचा दाखला लिहूनच आल्या होत्या. मूल शाळेतून जातं ते दाखला घेऊन जातं, रेश्माला तो कुणी दिलाच नव्हता, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं.

"एवढी सही कर, अश्विनी. मी तिला रीतसर सोडते."

अश्विनीनं कांद्याचे हात लुगड्याला पुसले आणि सही केली. दाखला घडी करून कमरेला खोचला. "तुमी म्हनता म्हनून करते. पर कागदाचं काय घिऊन बसलात बाई. नाव तुमच्या तोंडात बसलंय."

गांधी जयंतीची सुट्टी संपताच बाईंनी तालुक्याला खरं काय ते लिहून पाठवलं. विद्यार्थिनी ऑगस्टमध्येच मयत, पट एकोणीस, चूक माझी. फळ्यावरही लिहिलं, दोन महिने उशिरा: आपली रेश्मा आता शाळेत नाही. फोटो ग्रुपवर टाकला. छगनभाऊंनी भर हापशावर त्यांची खरडपट्टी काढली. "वस्तीचं वाटुळं केलं तुमी. आता पोरं हायवेला घाला." बाईंनी ऐकून घेतलं. शाळा जाईल, नोकरीवर बालंट येईल, येऊ दे. लेक हातची जायला नको, एवढंच त्यांना कळत होतं.

आणि खरंच, फरक पडला. पट्टी वाळली. वास गेला. गोजरबाईनं पातेल्यात उरलेली खिचडी दाखवली आणि बऱ्याच दिवसांनी हसली. हजेरीला ओवी आपल्या आवाजात "हजर आई" म्हणाली, पोरं खिदळली, आणि बाई रागवायच्या ऐवजी तिच्याकडे बघतच राहिल्या. असे आठ दिवस सुखाचे गेले.

नवव्या दिवशी शनिवार होता, सकाळची शाळा. अकराला सुटली. ऊन चढलं होतं. पोरं घरी पांगली, गोजरबाई भांडी घासत होती. बाईंनी कुलूप लावलं, स्कूटी वळवून घेतली. ओवी मैदानाच्या पार कडेला, तळ्याच्या बाजूच्या बांधाजवळ चिंचोके वेचत होती.

"ओवी, चल."

ओवीनं वर बघितलं नाही. बाईंनी आवाज चढवला. "ओवी, उशीर होतोय."

गोजरबाईच्या हातातली घासणीची तार थांबली. तिनं राखेचे हात तसेच धरून बाईंकडे बघितलं.

"बाई... कुनाला हाक मारताय?"

"ओवीला. दुसरं कोण आहे?"

"न्हाई वो..." गोजरबाईचा आवाज खाली आला. "तुमी रेश्मा म्हनताय. दोनीबी डाव रेश्माच म्हनलात."

बाईंना ते खरं वाटेना. जिभेवर नाव ओवीचं होतं. नऊ महिने पोटात वागवलेल्या लेकीचं नाव कुणी चुकतं का? त्यांनी बांधाकडे तोंड केलं आणि अक्षर अक्षर सांभाळून, होता नव्हता तेवढा जीव लावून तिसऱ्यांदा हाक मारली. आणि ती हाक त्यांच्याच कानावर पडली. रेश्मा.

"आले बाई," बांधापलीकडून आवाज आला.

ओवीनं आता मान वळवली. आईकडे नाही, बांधाकडे. चिंचोक्यांची ओंजळ तिनं दोन्ही हातांनी त्या बाजूला पुढे केली. बाई धावत सुटल्या. चप्पल कुठे निघाली ते कळलं नाही, तोंडातून शब्द काढायची हिंमत नव्हती. त्यांनी ओवीला उचललं, छातीशी धरलं आणि मागं न बघता स्कूटीवर बसवलं. पारनेर येईपर्यंत स्कूटी कुठे थांबवली नाही.

ओवी आता पारनेरच्या शाळेत जाते, सुखरूप आहे, पाढे पाठ आहेत. सत्यशीलाबाई मात्र त्या दिवसापासून लेकीला हाक मारत नाहीत. जेवायला बोलवायचं असो की झोपेतून उठवायचं असो, उठून जवळ जातात आणि खांद्याला हात लावतात. आणि हात लावायच्या आधी, दरवेळी, खाली वाकून तोंड बघून घेतात.