सेनोबियोच्या डोळ्यांतला कापूस

तो लेझर आधी बंद कर, विल्मर. भिंतीवर नाचवू नकोस, मला सहन होत नाही. आणि एम्पनाडा तुम्हीच खा, मला नको. का ते सांगतो. शटर जरा खाली ओढा, वारा फार झोंबतोय.

ग्रोवर चाम्बिला तुम्हाला ऐकून माहीत असेल. इथंच, एल आल्तोच्या बाजारात, माझ्या शेजारी त्याचं दुकान. कार्निव्हलच्या सैतानी मुखवट्यांना पेटते डोळे बसवायचा. भंगारातले डीव्हीडी रायटर फोडून त्यातला लेझर काढायचा आणि नुसत्या किरणानं सिगारेट पेटवून दाखवायचा. नजर अशी, की केसाएवढी तार भिंगाशिवाय जोडायचा. त्या नजरेवरच त्याचं पोट. पण माणूस गलिच्छ! ज्या चिमट्यानं भंगारातली मेलेली झुरळं काढायची, त्यानंच दात कोरायचे. आणि सांगितलेलं ऐकायचं नाही, ही वर आणखी खोड.

मागच्या वर्षी सात नोव्हेंबरची संध्याकाळ. दुसऱ्या दिवशी कवट्यांचा सण, घरोघरी जपलेल्या कवट्या नटवून कबरस्तानात मिरवायचा. सूप विकणारी कासिमिरामावशी आपल्या घरची कवटी शालीत बांधून त्याच्याकडे आली. कवटीचं नाव सेनोबियो. मावशीच्या सासूच्या काळापासून तो त्यांच्या घराची राखण करतो.

"मास्तर, शेजारणीनं तिच्या कवटीला सोन्याचा दात बसवलाय. उद्या कबरस्तानात नुसती मिरवेल सटवी. आमच्या सेनोबियोचे डोळे चमकले पाहिजेत."

"चमकवतो की. समोर बँडवाले वाजवायचे थांबतील, बघा."

"पण दिवे वरून लावा. डोळ्यांच्या खोबणीतला कापूस काढायचा नाही."

"का? सर्दी होईल त्याला?"

मावशी हसली नाही. "तो बघायला लागेल. आणि एकदा बघायला लागला, की त्याचे डोळे मिटवणं मला जमायचं नाही. शपथ घ्या."

"घेतली, आईची शपथ!"

मावशी कोपऱ्यावरून वळली न वळली, तोच यानं शटर ओढलं आणि चिमटा उचलला. लेझर लांब, वरून बसेना. सकाळी परत कोंबू कापूस, म्हातारीला काय कळतंय, असा त्याचा हिशेब. पुढचं सगळं त्यानंच मला सांगितलंय.

वरचा कापूस पांढरा निघाला. खालचा पिवळा. त्याखालचा तपकिरी, ओला. ओढला की लाळेसारखी तार धरायचा. चघळून थुंकलेल्या कोकाच्या पानांचा वास, त्यात खवट चरबीचा. शी! सांगतानाही तोंडाला पाणी सुटतंय, उलटीच्या आधी सुटतं ना, तसं. कापूस संपेचना. कवटीत मावेल त्याहून जास्त ढीग टेबलावर झाला. आणि कोमट होता तो. शेवटच्या बोळ्याला काहीतरी चिकटलं होतं. त्यानं दिव्याखाली धरलं.

पापणीचे केस.

तुम्ही काय केलं असतं? यानं चिमटा पँटीला पुसला आणि खोबणीत गरम गोंद सोडला. दोन्ही लेझर बसवले, बॅटरी जोडली. अंधारात कसं दिसतं बघावं म्हणून दिवा घालवला.

भिंतीवर दोन लाल ठिपके. झकास. तो स्वतःशीच हसला आणि दिवा लावायला उजवीकडे सरकला.

ठिपके बटणावर होते.

कवटी हलली नव्हती...

तो डावीकडे सरकला. ठिपके त्याच्या सदऱ्यावर. त्यानं बॅटरी उपटली. बॅटरी हातात. ठिपके तसेच. पोटावर... छातीवर... हनुवटीवर. चटका बसत होता. त्यानं डोळे घट्ट मिटले.

मिटल्या पापण्यांतूनही लाल दिसत होतं.

मग जळक्या केसांचा वास. मग... काही नाही.

सकाळी मावशी शटर बडवत होती. मी धावलो. दोघांनी मिळून ते वर केलं. सेनोबियो टेबलावर होता तसा. खोबणीत पांढराशुभ्र कापूस, नीट बसवलेला. लेझर खाली पडलेले. टेबल पुसल्यासारखं स्वच्छ. तो ढीग कुठंच नव्हता.

ग्रोवर स्टुलावर ताठ बसला होता. पापण्या फुगलेल्या. त्यानं त्या उघडल्या...

मावशीनं कवटी शालीत गुंडाळली. "मी सांगितलं होतं, मास्तर," एवढंच म्हणाली आणि गेली.

आत तोच ओला, तपकिरी कापूस. डॉक्टरनं सगळा काढला. आत डोळे शाबूत होते. पण अंधार पडला की परत भरतात. रोज. काढलं की दिवसभर थोडं धूसर दिसतं, नाही काढलं तर तेवढंही नाही. पहिल्या आठवड्यातच बायको माहेरी निघून गेली. तिला मी नावं ठेवत नाही. मलाही रोज ओकारी येते. पण शेजारी आहे तो माझा, दुसरं कोण करणार?

आत्ता तेच करून आलो. साबणानं हात धुतले, मग पेट्रोलनं, मग दारूनं. विल्मर, इकडे ये. घाबरतोस काय? बोटं हुंग.

हं... आणि दिवा जवळ घे. या नखात काय अडकलंय बघ.

पापणीचा केस. लांब, काळाभोर.

ग्रोवरच्या पापण्यांचे केस तर त्याच रात्री जळाले. अजून उगवलेले नाहीत.