ताई आधी आली म्हणून

दवाखान्याच्या जिन्यातल्या खिडकीपाशी दुपारचं ऊन यायचं, म्हणून ती रोज तिथेच पायरीवर बसून डबा खायची. प्रयोगशाळेत खायला बंदी, आणि कॅन्टीनमध्ये गप्पांतच वेळ जातो. त्या दिवशीही तिने डबा उघडला, अंड्याचं सँडविच हातात घेतलं... आणि शेजारी कुणीतरी येऊन धपकन बसलं.

ठेंगणी, गोल चेहऱ्याची, पिवळा स्वेटर घातलेली एक बाई. केसांत एखाददुसरी चंदेरी बट. तिने आधी डब्यात डोकावून पाहिलं, मग हिच्याकडे.

"अजून एक आहे," ती म्हणाली.

"हो. हवंय का?"

"हो."

आढेवेढे नाहीत, नको-नको नाही. दोघी शेजारीशेजारी बसून खाऊ लागल्या. अंडं जरा जास्तच उकडलंय, असंही पाहुणीने सांगून टाकलं. तेवढ्यात वरून धाडधाड पावलं वाजली.

"ताई! अगं, सगळा दवाखाना पालथा घातला मी—"

आणि तो थबकला. ताडमाड उंच, शर्टाच्या बाहीला ग्रीसचा डाग, आणि चेहऱ्यावर जत्रेत मूल हरवल्यासारखी घालमेल.

"बाळ्या, ही बघ अंडेवाली," ताईने ओळख करून दिली.

बाळ्या! हिला हसू आवरेना. तो कानापर्यंत लाल झाला.

"माफ करा हं. तुमचा डबा—"

"विचारून घेतलाय त्यांनी."

"नशीबवान आहात. माझ्या ताटातलं कधी विचारून घेत नाही." मग जरा घुटमळत, "ते... मोठ्या बाईंची खोली कुठे सांगाल का? सकाळपासून तीनदा एकाच दारावर टकटक केलीय. आतले आता ओळखायला लागलेत मला."

मोठ्या बाई म्हणजे हिच्याच विभागाच्या प्रमुख. मुलांची वाढ का खुंटते, अंगातले हार्मोन कुठे कमी पडतात, खाल्लेलं अंगी का लागत नाही, याच शोधात त्यांचे केस पांढरे झालेले. आणि ही त्यांच्या हाताखाली अशा मुलांच्या घरातल्यांची जनुकं तपासायची. एकाच घरात दोन भावंडांना तोच आजार का होतो, जनुकाच्या लांबलचक मजकुरात चूक नेमकी कुठल्या अक्षरात बसलीय, ते हुडकायचं तिचं काम. आज अशीच एक भावंडांची जोडी नमुना द्यायला यायची होती.

"चला," ती डबा बंद करत म्हणाली, "मीच नेते. तुमचीच वाट बघत होते मी."

"माझी?"

"नमुन्याची," ती म्हणाली, आणि यावेळी लाल व्हायची पाळी तिची होती.

खोलीत त्याने सगळी हकीकत सांगितली. ताई जन्मली तेव्हा घरात कौतुकच कौतुक होतं. किती शहाणं बाळ, रडत नाही, दिवसभर झोपतं! तिच्या घशातली थायरॉईडची ग्रंथी काम करत नव्हती, हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. ती चालेना, बोलेना, तेव्हा कुठे धावाधाव झाली, आणि तेव्हाच्या तरुण डॉक्टरीणबाईंनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, आजार ओळखला. गोळीने ताई उभी राहिली, बोलू लागली, वाढली. पण पहिल्या काही वर्षांत मेंदूला जे मिळायला हवं होतं ते मिळालं नव्हतं. ते मागाहून भरून येत नाही.

"आणि तुम्ही?"

"मला तोच आजार आहे," तो म्हणाला. "पण मी जन्मलो तेव्हा बाई स्वतः घरी आल्या. टाचेला टोचून थेंबभर रक्त नेलं. मी नीट डोळेही उघडले नव्हते, तोवर गोळी सुरू झाली. रोज सकाळी एक. बाकी बघताय तुम्ही... सायकली दुरुस्त करतो, हिशेब चुकत नाहीत, आणि वाट्टेल ते बोलतो."

नमुना घ्यायची वेळ आली तशी ताईने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "सुई नको."

तो घाईने पुढे झाला. "ताई, एकदाच. मी धरतो ना हात."

"थांबा जरा," ती म्हणाली. खुर्ची ओढून ताईच्या समोर बसली. "ताई, मी सांगते, मग तुम्ही ठरवा. तुम्हाला आणि बाळ्याला जो आजार आहे, तो मला समजून घ्यायचाय. म्हणजे पुढच्या बाळांना लवकर मदत करता येईल. सुई नकोच. या नळीत थुंकलं तरी चालतं. पण तुमची इच्छा असेल तरच. नाही म्हणालात, तरी मी रागावणार नाही."

ताईने बराच वेळ विचार केला.

"थुंकायचं? इथे? सगळ्यांच्या समोर?"

"हो."

"आणि हा ओरडणार नाही?"

"बिशाद आहे का त्यांची!"

ताई इतकी खूश झाली की नळी भरून वाहिली. हसताहसता हिची नजर वर गेली, तर तो हसत नव्हता. तिच्याकडे बघत होता.

"तिला आजवर कुणी असं विचारलं नव्हतं," तो हळूच म्हणाला. "...मीसुद्धा नाही."

त्यानंतर ती त्याच्या दुकानावरून जायला लागली. रस्ता जरा लांबचा होता, पण तिकडून वारा चांगला यायचा. निदान ती स्वतःला तसं सांगायची. दुकानात चाकांना हवा भरायचं खातं ताईकडे होतं. ती पंप मारायची, मग अंगठ्याने टायर दाबून बघायची, आणि मनासारखं झाल्याशिवाय गिऱ्हाइकाला हलू द्यायची नाही. शेजारपाजारची मंडळी "ताईची हवा" भरायला मुद्दाम यायची.

"तुम्ही रोज चालत कशा जाता?" त्याने एकदा विचारलं. "सायकल येत नाही?"

"शिकवणारं कुणी भेटलं नाही."

"मी फार कडक मास्तर आहे हं."

"मीही फार ढ विद्यार्थिनी आहे."

"मग शिकवणी बरीच लांबेल," तो चाकाच्या तारा घट्ट करत म्हणाला. मान वर न करता, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू दाबून—

आणि खरंच लांबली. तो मागून सीट धरून धावायचा. ती "सोडू नका, सोडू नका" ओरडायची. ताई फुटपाथवर उभी राहून "सोड रे तिला!" ओरडायची. एके दिवशी त्याने सोडलं. ती पार वळणापर्यंत गेली, आणि मागे वळून पाहिलं तर तो दूर, दोन्ही हात वर करून नाचत होता. लांबचा रस्ता काही वाऱ्यासाठी नव्हता. आता हे लपवण्यात अर्थ नाही, असं वाटलं तिला.

दुसऱ्याच दिवशी ती मोठ्या बाईंपुढे उभी राहिली.

"त्या भावंडांचं काम दुसऱ्या कुणाला तरी द्या."

"का गं?"

"मला... त्या दुकानात जायला आवडतं."

"कुठल्या दुकानात?"

"सायकलच्या."

"तुझ्याकडे सायकल आहे?"

"घेतली."

बाईंनी चष्मा काढून पुसला. हसू लपवायची त्यांची ती जुनी सवय. "बरं केलंस सांगितलंस. देते मी काम दुसऱ्याला. ब्रेक तेवढे तपासून घे."

निकाल आला त्या दिवशी म्हणूनच ती खोलीत नव्हती. जिन्यात उभी होती. तो खाली आला तो ताईचा हात घट्ट धरून, आणि हिच्याशेजारून तसाच निघून गेला. ना हसला, ना बोलला. मग दुकानावरून गेलं तरी तो आत कशात तरी डोकं खुपसून बसलेला. "जरा काम आहे," एवढंच.

आठवडाभर तिने कळ काढली. मग एका ढगाळ संध्याकाळी, भुरभुर पावसात, तिने आपली सायकल थेट त्याच्यासमोर आणून लावली.

त्याने चाकं फिरवली, साखळी पाहिली, ब्रेक दाबले.

"हिला काही झालेलं नाही."

"माहीत आहे. तुम्हाला काय झालंय?"

तो फडक्याला हात पुसत राहिला. हात केव्हाच स्वच्छ झाले होते.

"बाईंनी दाखवलं. ताईच्या आणि माझ्या जनुकात तीच चूक आहे. तीच जागा, तेच अक्षर. काडीचाही फरक नाही." त्याने फडकं बाजूला टाकलं. "लहानपणापासून मला वाटायचं, माझा आजार हलका असेल, तिचा भारी. पण नाही हो. ती आधी जन्मली, बस. तिच्यामुळे बाईंना कळलं माझ्याकडे बघायला हवं. मी मागाहून आलो म्हणून शाळा शिकलो, दुकान टाकलं... आता तुमच्या मागे धावतोय. तिच्या वाट्याचं सगळं मलाच मिळालं. आणि आता वर अजून सुख मागायचं? कुठल्या तोंडाने?"

पन्हाळीतून पाणी टपटपत होतं.

"हे तिला सांगितलंत कधी?"

"तिला काय कळणार..." तो बोलला, आणि आपल्याच शब्दांनी ओशाळला.

ताई कोपऱ्यात पंप पुसत बसली होती. तो तिच्यापुढे उकिडवा बसला. तिच्या हातातला पंप त्याने बाजूला ठेवला. मग म्हणाला, "ताई... तू आधी आलीस ना, म्हणून मी बरा झालो. तू नसतीस तर मला कुणी औषध दिलं नसतं. मी कधी तुला... तुझे उपकार आहेत गं माझ्यावर."

ताईने त्याच्याकडे पाहिलं. हा एवढं रडण्यासारखं काय बोलतोय, तेच तिला उमगेना.

"मग?" ती म्हणाली. "मोठी आहे ना मी."

आणि आपल्या स्वेटरच्या बाहीने तिने त्याचं नाक पुसलं, चांगलं खसाखसा, लहान असताना पुसायची तसं. तो रडत होता आणि हसतही होता. दारात उभ्या असलेल्या हिचेही डोळे भरून आले होते. कुठल्या तरी बापुड्या बाळाच्या टाचेतून घेतलेला थेंब रोज हिच्या टेबलावर यायचा. त्यामागे आणखी कुणीतरी एक आधी आलेलं, वेळेवर औषध न मिळालेलं असतं, हे तिने आजवर असं पाहिलं नव्हतं.

तो उठून तिच्यापाशी आला.

"घरात ताई असणार. कायमची."

"मी ताईलाच आधी भेटलेय. तुम्ही मागाहून आलात."

"आणि उद्या मुलाबाळांना—"

"तर पहिल्याच आठवड्यात टाचेतून थेंब. रोज सकाळी गोळी. मी दुसरं काय शिकलेय इतकी वर्षं?"

तो बघतच राहिला. पावसाचे बारीक थेंब तिच्या पापण्यांवर अडकले होते. त्याने ते पुसायला हात उचलला... आणि मध्येच थांबला.

"थांबाल?"

"पाऊस जाईपर्यंत विचारताय?"

"नाही."

"मग हो," ती म्हणाली, आणि सायकल उचलून दुकानाच्या आत घेतली.