मार्सालीला कुणी हाक मारली

इन्व्हर्नेसच्या बसस्थानकामागून सकाळी साडेआठला निघायचं, पश्चिमेच्या डोंगरांतून समुद्रापर्यंत जायचं आणि सहाच्या आत माणसं परत आणून सोडायची, हे काम डोलिना मॅकआस्किल एकोणीस वर्षं करत होती. सोळा आसनांची पांढरी गाडी, कानाला अडकवलेला माईक आणि गालात कायम एक पेपरमिंटची गोळी. धबधब्यापाशी किती वेळ द्यायचा, हरणं कुठल्या उतारावर दिसतात, घाटात कुणाला मळमळायला लागलंय हे आरशातून कसं ओळखायचं, सगळं तिच्या अंगवळणी पडलं होतं.

ग्लेन फ्यार्नाचा थांबा मात्र खास तिचा. तिथे पाहण्यासारखं काहीच नव्हतं. रस्त्याकडेला गाडी लावण्यापुरती जागा, खाली ओढा आणि ओढ्याच्या अलीकडे तीन पडकी घरं. छपरं केव्हाच गेलेली. छातीइतक्या उंच दगडी भिंती, आत नेच्यांचं रान आणि मेंढ्यांच्या लेंड्या. अशी घरं त्या मुलखात जागोजाग आहेत. दोनशे वर्षांपूर्वी जमीनदारांनी मेंढ्या चारायला गावंच्या गावं उठवली, माणसं जहाजांत भरून कॅनडाला धाडली, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण या तीन घरांत कोण राहत होतं, ते कुठेच लिहिलेलं नव्हतं.

नऊ वर्षांपूर्वी पुढे दरड कोसळली आणि डोलिनाची गाडी इथे दीड तास अडकून पडली. बाहेर धो धो पाऊस, आत सोळा वैतागलेली माणसं. काहीतरी बोलणं भाग होतं. तिनं काचेतून बोट दाखवलं आणि म्हणाली, "ते मधलं घर दिसतंय ना, तिथे मार्साली राहायची."

ते नाव कुठून आलं, तिचं तिलाच कळलं नाही. पण पुढची गोष्ट सरसर येत गेली. जमीनदाराच्या कारभाऱ्यानं मशालवाली माणसं पाठवली. गाव सामान पाठीला बांधून जहाजाच्या वाटेला लागलं. मार्सालीही निघाली. वळणावर पोचली आणि तिला चुलीतला विस्तव आठवला. आज्या-पणज्यांपासून एक रात्रही न विझलेला. तो परक्यांच्या हाती कसा टाकायचा? ती मागे फिरली, आत शिरली आणि पेटलेलं गवती छप्पर तिच्यावर कोसळलं.

मागच्या सीटवरचा एक दांडगा माणूस रुमालात नाक शिंकरत होता.

त्यानंतर डोलिना ती गोष्ट प्रत्येक फेरीला सांगायला लागली. दर वेळी थोडी भर पडायची. मार्साली डावखुरी झाली, तिच्या खांद्यावर निळी शाल आली. लोक खाली उतरून त्या मधल्या घराच्या भिंतीला हात लावायचे. कुणी फुलं ठेवायचं. डोलिनाला सुरुवातीला जरा चोरट्यासारखं वाटायचं, मग तेही वाटेनासं झालं.

त्या सप्टेंबरमध्ये पुढच्या सीटवर युफेमिया गिलिस नावाच्या एक आजीबाई बसल्या होत्या. वय ऐंशीच्या पुढे, कॅनडातल्या केप ब्रेटनहून एकट्याच आलेल्या. गोष्ट संपली, बाकीचे उतरले, पण त्या हलल्या नाहीत.

"छान सांगता हो," त्या म्हणाल्या. "पण शेवट चुकला तुमचा."

"म्हणजे?"

"विस्तवासाठी नाही गेली ती परत. आमची आजी सांगायची ना. मी सात-आठ वर्षांची होते, ती स्वयंपाकघरात लोकर विंचरत बसायची आणि हीच गोष्ट सांगायची. निळी शाल, डावखुरी, सगळं तेच."

डोलिनानं मनातल्या मनात हिशेब मांडला. म्हातारी सात वर्षांची असताना आपला जन्मही झालेला नव्हता. "आजी," ती शेवटी म्हणाली, "खरं सांगते, रागावू नका. ही गोष्ट मी रचलेली आहे. पावसात अडकलो होतो, वेळ काढायला म्हणून."

युफेमियाबाईंनी तिच्याकडे निरखून पाहिलं. "तुम्ही रचलीत? मग माझ्या आजीला कुणी सांगितली?"

डोलिनानं गोळी एका गालातून दुसऱ्या गालात सरकवली.

"आणि पोटुशी होती बिचारी. ते का गाळता तुम्ही?"

डोलिनाचे हात स्टिअरिंगवर तसेच राहिले. पहिल्या दिवशी, त्या पावसात, ते तिच्या जिभेवर आलं होतं. सोबत मुलं आहेत, फारच होईल, म्हणून तिनं गिळलं होतं. त्यानंतर कधीही, कुणापाशीही ती ते बोलली नव्हती.

"मग ती परत का गेली?" तिनं विचारलं.

"हाक आली म्हणून. ती वळण ओलांडून गेली होती हो, सुटली होती. तेवढ्यात वरून, रस्त्यावरून, कुणीतरी तिचं नाव घेतलं. बाईचा आवाज. वर बघावं तर कुणी नाही. आवाज म्हणाला, मार्साली मागे फिरली. आणि ती फिरली. आजी म्हणायची, तिचा नवरा हाताला धरून ओढत होता, ती रडत होती, जायचं नाही म्हणत होती आणि पाय मात्र मागे चालले होते."

खालून ओढ्याचा आवाज येत होता. युफेमियाबाईंनी पर्समधून चष्मा काढला, पुसला, परत ठेवला.

"तुम्ही किती वेळा सांगितली असेल ही गोष्ट?" त्यांनी सहज विचारावं तसं विचारलं.

पुढचे दोन दिवस सुट्टीचे होते. ते डोलिनानं गावातल्या दफ्तरखान्यात घालवले. जुने नकाशे, चर्चमधल्या नोंदी, जहाजांच्या याद्या. ग्लेन फ्यार्नाच्या नावावर तीन चुली एवढाच उल्लेख सापडला. नावं नव्हती. तिला बरं वाटलं. म्हातारीनं कुठेतरी दुसरीच गोष्ट ऐकली असेल आणि वयापरत्वे दोन्हींची सरमिसळ झाली असेल, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

तरी पुढच्या फेरीला ती त्या थांब्यावर गप्प बसली. माईक बंद केला आणि काच खाली घेतली. जळक्या, ओल्या गवताचा वास आत आला. आजूबाजूला पाच मैलांत धुराडं नव्हतं. मागच्या बाकावरची बाई नाकाला रुमाल लावत म्हणाली, "कुठे काही पेटलंय का हो?"

तेवढ्यात शेजारी दुसरी गाडी येऊन थांबली. हेक्टर बेथ्यूनची. पलीकडच्या कंपनीत होता, डोलिनाचा वीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याच्या उघड्या दारातून माईकवरचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "आणि मार्साली मागे फिरली."

डोलिना खाली उतरून त्याच्याकडे धावली.

"हेक्टर, ही गोष्ट सांगू नकोस."

"का गं? मालकी हक्क आहे का तुझा?" तो हसला. "तुझ्यापेक्षा माझ्याकडे जास्त रडतात, म्हणून जळतेस होय?"

"थट्टा नाही करत. माझ्यासाठी म्हणून सोड."

"अगं बाई, मी सोडून काय होणार? सगळेच सांगतात आता. मोठ्या बसमध्ये तर टेपच लावतात, सहा भाषांत. दिवसाला दहा-बारा वेळा मरत असेल ती." डोलिनाचा चेहरा बघून त्याचं हसू मावळलं. "काय झालंय तुला? बस जरा. पाणी पी."

खालच्या ओढ्याकडे बघायचं धाडस तिला झालं नाही.

मार्सालीचं मरण आपण दिलेलं, मग तिला वाचवायचंही आपणच, असं डोलिनानं ठरवलं. ऑक्टोबरच्या पहिल्या मंगळवारी हवा स्वच्छ होती, डोंगरांवरचं गवत तांबूस झालं होतं. गाडीत अकरा माणसं होती, बहुतेक डच, दोघं पोर्तुगीज. थांब्यावर तिनं माईक तोंडाशी ओढला आणि नवी गोष्ट सांगितली. मार्साली वळण ओलांडून गेली. हाक आली, पण तिनं कान झाकून घेतले. जहाज मिळालं. पलीकडच्या किनाऱ्यावर तिला मुलगी झाली. ती म्हातारी होऊन, अंथरुणात, नातवंडांच्या गराड्यात गेली.

"छान," कुणीतरी म्हणालं. लोक पाय मोकळे करायला खाली उतरले. कुणीही रडलं नाही. डोलिनाला कित्येक दिवसांनी हलकं वाटलं. तिनं थर्मासमधला चहा ओतला आणि सावकाश प्यायली.

दहा मिनिटं झाली. पंधरा झाली. कुणीच परत येईना. तिनं हॉर्न वाजवला, मग पायवाटेनं खाली गेली.

अकराही जण मधल्या घरात, चार भिंतींच्या आत उभे होते. गुडघाभर नेच्यांत, दाटीवाटीनं, सगळ्यांची तोंडं पडक्या चुलीकडे. कुणाच्या हातात फोन नव्हता. कुणी खोकत नव्हतं.

चुलीपाशी कुणीच नव्हतं. आवाज मात्र तिथूनच येत होता.

बाईचा आवाज, गेलिकमधला, त्या डोंगरांतल्या जुन्या भाषेतला. डोलिनाच्या आईच्या बोलीसारखा, पण फार जुन्या वळणाचा.

"एक बाई होती," आवाज सांगत होता. "या रस्त्यानं यायची. पाऊस असो, ऊन असो, यायचीच. गालात गोळी धरून बोलायची. त्या दिवशी सकाळी तिनं डाव्या पायाचा मोजा उलटा घातला होता. बूट चढवताना लक्षात आलं, पण म्हणाली, जाऊ दे, कोण बघतंय."

डोलिना भिंतीला धरून उभी राहिली. बुटातल्या मोज्याची शिवण तिच्या घोट्याला टोचत होती.

"लोकांना खाली पाठवून ती चहा प्यायली. मग त्यांना बोलवायला गेली."

आवाज थांबला.

ही थांबण्याची जागा तिला माहीत होती. शेवटच्या वाक्याआधी तीन श्वास. नऊ वर्षांत घासून घासून तिनंच ती बसवली होती.

एक.

दोन.

तिनं दोन्ही हातांनी कान दाबले आणि पायवाट चढू लागली. धापा टाकत गाडीत बसली, काचा वर केल्या, रेडिओ मोठा केला.

थोड्या वेळानं माणसं आली. एकेक करून चढली. सगळ्यात शेवटी एक उंच डच बाई आली. तिचे डोळे लाल झाले होते.

"तुम्हाला गेलिक समजतं?" डोलिनानं रेडिओ बारीक करत विचारलं.

"गेलिक?" बाई गोंधळली. "नाही. त्या तर आमच्याच भाषेत सांगत होत्या."

मागून पोर्तुगीज माणूस म्हणाला, "डच कुठे? आमच्या भाषेत."

शेवट काय होता, हे डोलिनानं विचारलं नाही आणि कुणी सांगितलंही नाही. घाट उतरताना कुणी फोटो काढला नाही. आरशात पाहावं तर अकराही जण तिच्याकडेच बघत असायचे, आणि नजरानजर झाली की हळूच बाहेर बघायला लागायचे.

सहाच्या आत ते इन्व्हर्नेसला पोचले. उतरताना प्रत्येकानं थांबून तिचा हात हातात घेतला, जरा जास्तच वेळ धरला. पोर्तुगीज माणसानं डोक्यावरची टोपी काढली. सगळ्यात शेवटी ती डच बाई पुढे आली, तिनं डोलिनाच्या गालाला बोटं लावली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "तुमच्या घरी कुणी आहे का, कळवायला?"