समुद्राकडच्या खांबाचा दोर

पुंता मोहारा या किनाऱ्यावरच्या गावात ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यातल्या बुधवारी रात्री साडेनवाला वीज गेली. नोव्हेंबरपासून पावसाचा थेंब नव्हता, वाळू रात्रीही तापलेली होती. झावळ्यांच्या मांडवाखाली दोऱ्यांच्या जाळीचे आठ झुले टांगलेले. त्यातल्या सातांत, पाठीवर बिऱ्हाड घेऊन स्वस्तात जग हिंडणारी पोरं, जाळ्यातल्या मासळीसारखी पडली होती. आठवा, समुद्राकडच्या खांबाचा निळा झुला, गुंडाळून ठेवलेला होता.

यादिराच्या लग्नाला दोन महिने झाले होते. तिने आणि उलिसेसने हा मांडव याच हंगामापासून चालवायला घेतला होता. देताना तिच्या आजोबांनी, आनास्तासिओंनी, एकच अट घातली होती. या आठवड्यात निळा झुला कुणाला द्यायचा नाही.

"आज चौघांना परत पाठवलं मी, आजोबा," उलिसेस म्हणाला. "पलीकडच्या मांडवाची कोन्चा माझ्याकडे बघून हसत होती."

"तुझ्या लग्नातही ती तशीच हसत होती, जावईबापू. तेव्हा नाही ते मनाला लागलं?"

यादिराने हसू कॉफीच्या कपात लपवलं. नवरा दुपारपासून गप्प होता, आणि उजवा हात सारखा पँटला पुसत होता. गिऱ्हाईक गेलं म्हणून असेल, असं तिने धरून ठेवलं होतं.

"बरं," आजोबा म्हणाले. मेणबत्ती त्यांनी जरा लांब सरकवली. "नाबोरचं काय झालं ते ऐका. मग उद्या तो झुला द्यायचा की नाही, तुमचं तुम्ही ठरवा."

सहा वर्षांपूर्वी हा मांडव नाबोरचा होता, आणि नाबोर आजोबांचा जुना दोस्त. त्याचा थोरला भाऊ सेल्सो मासे धरायला गेला तो पवित्र आठवड्याच्या आधीच्या बुधवारी. होडी बुडाली. इंजिन, नांगर, सेल्सो, सगळं तळाला गेलं, काहीच हाती लागलं नाही. रिवाजाप्रमाणे घरात जमिनीवर चुन्याचा क्रूस काढला, रोज संध्याकाळी प्रार्थना सुरू झाली. नवव्या रात्री तो क्रूस उचलायचा आणि गेलेल्याला निरोप द्यायचा. तोवर तो रात्री घरी निजायला येतो. म्हणून त्याची निजायची जागा दुसऱ्याला देत नाहीत. इथल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे.

त्यांची आई एउफ्रोसिना. तिने सेल्सोचा निळा झुला समुद्राकडच्या खांबाला स्वतः टांगला. "एकदा येऊन निजू दे त्याला," ती म्हणाली. "मग मी क्रूस उचलीन. जो घरीच आला नाही, त्याला निरोप कसला देऊ?"

सात रात्री झाल्या. आठवी बुधवारची.

सव्वाअकराला नाबोर नेहमीसारखा हमरस्त्याच्या फाट्यावर गेला, शेवटच्या बसची माणसं आणायला. पिकअप आजोबा चालवत होते. त्या बसने येणारे दराची घासाघीस करत नाहीत. डोळ्यांवरची झोपच 'हो' म्हणून टाकते. तिघं उतरले. दोघांनी आधी कळवलं होतं. तिसरा चेक देशातला, उंच, नाक उन्हाने सोललेलं, इथल्या भाषेचा एक शब्द येत नव्हता. तोही मागे चढून बसला.

मांडवात ते दोघं निजले आणि सात झुले भरले. तिसऱ्याने पिशवी निळ्या झुल्याखाली ठेवली आणि उभा राहिला. नाबोरने घराकडे पाहिलं. आईची मेणबत्ती विझलेली होती.

"दे रे," कुणीतरी म्हणालं. "कुठे वाळूवर पडेल? उजाडायच्या आत उठवू."

"कोण म्हणालं?" यादिराने विचारलं.

आजोबांनी काडी पेटवली, विडी ओढली. "मी," ते म्हणाले.

नाबोर चुलीपाशी चटईवर निजला. साडेतीनला त्याला जाग आली. वारा नव्हता. झुल्याची दोरी करकरत होती.

निळ्या झुल्यापाशी कुणीतरी उभं होतं.

अंगावरून पाणी निथळत होतं... टप. टप. वाळूवर आवाज होत नाही खरं तर. त्याला ऐकू येत होता.

चेक पोरगा अर्धवट उठला. त्याने हात हलवला. जागा नाही. पुढे जा.

उभा होता तो उभाच राहिला. किती वेळ...

हाक मारावी असं नाबोरला वाटलं. नाव ओठांपर्यंत आलं होतं.

नाही मारली.

मग तो निथळणारा वळला. समुद्राकडच्याच खांबापाशी गेला. हात हलत होते. काहीतरी बांधत होता. थांबला. इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं.

मग नव्हता.

सकाळी चेक पोरगा मजेत होता. हातवारे करून सांगत होता की रात्री एक चिंब भिजलेला गडी आला, ही जागा मागत होता, मी काही उठलो नाही. आणि खांबाला दोर होता. जाड, हिरवा, होडीच्या नांगराचा. सेल्सो डावखुरा, त्याची गाठ गावात दुसऱ्या कुणाला येत नसे. तीच गाठ. झुला टांगतात तेवढ्याच उंचीवर. दुसरं टोक वाळूत लोळत होतं. स्वतःपुरती निजायची सोय करायला घेतली, आणि तेवढ्या दोरात ती झाली नाही.

एउफ्रोसिनाने गाठीवरून हात फिरवला. "आला होता," एवढंच म्हणाली. त्या रात्री तिने क्रूस उचलला नाही. मरेपर्यंत त्याच्या कडेकडेने घर झाडत राहिली. नाबोर मांडव आजोबांच्या हवाली करून पुएब्लाला गेला. तिथे समुद्र नाही.

एका झुल्यात कुणीतरी कूस बदलली.

"खांबाला अजून बांधलेला आहे, तोच का हा दोर?" यादिराने विचारलं.

आजोबांनी होकारार्थी मान हलवली.

उलिसेसने हात पुन्हा पँटला पुसला. "दुपारी मी तो कापायला गेलो होतो," तो म्हणाला. "जुनाट दिसतो म्हणून..."

"मग?"

"सुरी जराशी आत गेली. आणि आतून पाणी आलं, आजोबा. हाताला लागलं. खारं." तो थांबला. "अजून वाळत नाही."

आजोबांची विडी विझली होती. त्यांनी ती पुन्हा पेटवली नाही.

यादिरा उठली. अंधारात चाचपडत समुद्राकडच्या खांबापाशी गेली, गुंडाळलेला निळा झुला सोडवला आणि दोन्ही हातांनी नीट पसरून ठेवला, कुणी दमून येणार असावं तसा. ती मागे सरली, तेव्हा तिच्या अनवाणी तळव्यांखालची वाळू ओली लागली.

समुद्र तिथून साठ पावलांवर होता. ओहोटी होती.