देवमाशाच्या पाठीवरचे खड्डे

"शेपटीवर बसू नकोस गं, मोडेल. इकडे ये, पोट तासायला मदत कर," मावशी म्हणाली.

चिंगी आणि तिचा धाकटा भाऊ ढापण्या सुट्टीत मावशीकडे आले होते. मावशी नाटकांसाठी मोठमोठ्या वस्तू बनवायची. सध्या नाट्यगृहामागच्या शेडमध्ये थर्माकोलचा पंधरा फुटी देवमासा तयार होत होता. प्रयोग परवावर आला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेड उघडली आणि तिघंही थबकली. माशाच्या पाठीवर वाटीएवढे खड्डे पडले होते.

"हे शेडमध्ये झोपणाऱ्या त्या मांजरीचंच काम," मागोमाग आलेले नाट्यगृहाचे मॅनेजर म्हणाले. "तिला आजच लांब सोडून या. मासा राहू द्या, नुसत्या निळ्या पडद्यावर भागवू."

मावशीचा चेहरा उतरला. पंधरा दिवस ती या माशासाठी राबली होती.

मॅनेजर गेल्यावर ढापण्या खड्ड्यात डोकावला. "ताई, मांजरीनं ओरबाडलं असतं तर भुगा पडला असता. इथे कणसुद्धा नाही."

चिंगीनं बोट फिरवलं. कडा वितळलेल्या मेणासारख्या गुळगुळीत होत्या आणि त्यांना चंदेरी रंग लागला होता. "मावशी, तू चंदेरी रंग दिलास?"

"छे गं. माझ्याकडे नुसता निळा आहे. आणि शेडची दुसरी किल्ली फक्त मॅनेजरांकडे असते."

चिंगीनं ढापण्याच्या कानात काहीतरी सांगितलं. दोघं थर्माकोलचा एक तुकडा घेऊन मॅनेजरांकडे गेली.

"काका, माशाची ती चंदेरी चमक कसली भारी होती. कुणी केली हो?"

"मीच की," मॅनेजर खुलले. "काल संध्याकाळी सहज जाता जाता मारली."

"मग यावरही मारून दाखवा ना."

मॅनेजरांनी ऐटीत कपाटातून स्प्रे काढला आणि अंगणात येऊन तुकड्यावर फवारा मारला. बघता बघता तुकडा चुरचुरत खचला.

"अरेच्चा," एवढंच ते म्हणाले. मग शेडमध्ये जाऊन त्यांनी मावशीची माफी मागितली आणि बाह्या सरसावल्या.

दिवसभर चौघांनी खड्ड्यांत तुकडे बसवले, कागद चिकटवले आणि वर पाण्यात कालवलेला रंग दिला. मांजर तिथेच पसरली होती. तिला कुणी हटकलं नाही.

प्रयोगात देवमासा रंगमंचावर सरकत आला, तेव्हा पुढच्या रांगेतली चिल्लीपिल्ली उठून उभी राहिली.

"मीही मांजरीवरच संशय घेतला असता," मावशी दोघांना जवळ घेत म्हणाली. "तुम्ही आधी नीट बघितलंत."

बाहेरच्या फलकावर तिच्या नावाखाली मॅनेजरांनी स्वतःच्या हातानं आणखी दोन नावं लिहिली होती.