लांबची लेन्स

कॅमेरा घ्यायचा तर एकच घ्यावा आणि लेन्स घ्यायची तर लांबची, असं केंदूरच्या आनंदरावांचं म्हणणं. पिशवीभर लेन्सा घेऊन फिरणारी पोरं दिसली की ते तोंडावर विचारायचे, "अरे, तुम्ही फोटोग्राफर हाय का भांडीवाले?" स्वतः सातवीत शाळा सोडलेली. रांजणगावच्या एका कंपनीत मशीनसमोर उभं राहून जन्म काढला. रिटायर झाल्यावर माणसं देवाला लागतात. ह्यांनी शिरूरहून जुना कॅमेरा आणला आणि त्याला हातभर लेन्स लावली. गाव त्या लेन्सला आबांची तोफ म्हणायचं. म्हणू दे. गावाला काय कळतं?

आनंदरावांचं गणित साधं होतं. फोटो निघतोय हे माणसाला कळलं की त्याच्या तोंडाचं दुकान होतं. दात बाहेर येतात, पोट आत जातं आणि खरं माणूस मागल्या दारानं पळून जातं. म्हणून लांब उभं राहायचं, उसाच्या आडून, टपरीच्या आडून, आणि गडी बेसावध असला की बटण दाबायचं. विचारायचं नाही. विचारलं की फोटो मेला.

ह्याचा पुरावा त्यांच्या घरात भिंतीवर होता. तुळजाबाई, त्यांची बायको. विहिरीवर धुणं धुताना कशाला तरी हसली, तेवढ्यात ह्यांनी लांबून टिपली होती. तेव्हा तिनं ओलं लुगडं फेकून मारलं होतं. आता तुळजाबाई नव्हती. लग्नाकार्याचे फोटो होते, पण त्यांत फोटोसाठी उभी राहिलेली कोणीतरी बाई होती. तुळजाबाई होती ती ह्या एका तसबिरीत. सकाळचा चहा ते तिच्याकडं बघत प्यायचे आणि गावाला द्यायच्या त्या शिव्या तिलाच ऐकवायचे. पोरगा पुण्यात राहायला गेलेला. घरात दुसरं बोलायला होतं कोण?

गावात एकच बाई त्यांच्या तोफेला सापडली नव्हती. नकुशाक्का. म्हातारी, वाळलेली, जिभेनं तिखट. तुळजाबाईची जिवाची मैत्रीण. दोघी मिळून नकुशाक्काच्या कांदाचाळीत दुपारभर कांदा निवडायच्या आणि अख्ख्या गावाची उणीदुणी काढत खिदळायच्या. तुळजाबाई गेल्यापासून नकुशाक्काला कोणी हसताना बघितलं नव्हतं.

"आक्का, एक फोटो घेऊ दे की," आनंदराव एकदा म्हणाले. आयुष्यात विचारलं ते तेवढंच.

"कशाला? माझं बारसं हाय का?"

"आठवण राहती मागं."

"ज्याला आठवायचं त्यो बिनफोटोचा आठवतो. आनंदा, ती नळी तिकडं फिरव. माझं तोंड माझ्यासंगं जाऊ दे."

एवढं स्पष्ट सांगितल्यावर शहाण्या माणसानं नाद सोडला असता.

उन्हाळ्यातली दुपार होती. कॅमेऱ्याच्या पट्ट्याला बक्कल बसवून घ्यायला आनंदराव निघाले होते, आणि वाटेत नकुशाक्काची चाळ लागली. वारा पडलेला. चाळीतल्या कांद्याचा उग्र, कुजकट वास रस्त्यापर्यंत येत होता. आणि त्या वासातून हसू ऐकू आलं. आनंदराव उसात शिरले. लेन्स डोळ्याला लावली.

नकुशाक्का कांद्याच्या ढिगाशी बसली होती, उसातून तिचं तोंड बाजूनं दिसत होतं. पदर खांद्यावर घसरलेला, मान मागं टाकलेली, उरलेसुरले दात उघडे. पोट धरून हसत होती. एक हात पुढं केलेला, कोणी टाळी द्यावी म्हणून. समोर चाळीचा अंधार. तिथं कोणी नव्हतं. हातात फोनही नव्हता.

आनंदरावांनी बटण दाबलं.

हसू तिथंच थांबलं. एवढ्या लांबून बटणाचा आवाज जाणं शक्यच नव्हतं. नकुशाक्कानं वळून बघितलं नाही. नुसता एक हात मागं नेला, पदराचा काठ चाचपला आणि सावकाश ओढून डोक्यावर घेतला. चाळीत सुकी फोलपटं खसखसली. वारा तर नव्हता...

फोटो मात्र असा निघाला होता की आनंदरावांना रात्री झोप लागेना. दौंडला रविराज नावाचा त्यांचा ओळखीचा स्टुडिओवाला होता. तो आणि त्याची मित्रमंडळी दरवर्षी न सांगता काढलेल्या फोटोंचं प्रदर्शन भरवायची. आनंदरावांनी दरवर्षी फोटो पाठवावेत आणि दरवर्षी ते जिन्याखाली लागावेत, असं चाललं होतं. ह्या वेळी फोटो पोचताच रविराजचा फोन आला.

"आबा, हा फोटो न्हाई, हे सोनं हाय. पण बाहेर कुठं दाखवू नका हां. आधी दिसलेला फोटो चालत न्हाई."

पुढच्याच आठवड्यात नकुशाक्का झोपेत गेली.

तिचा मुलगा गोकुळ संध्याकाळी दारात आला. डोळे सुजलेले. "आबा, आईचा एखादा फोटो हाय का हो? फ्लेक्सला पायजे. हार घालायला पायजे. आमच्याकडं आधार कार्डाशिवाय काहीच न्हाई."

आनंदरावांनी त्याच्या तोंडाकडं बघितलं. मग कॅमेऱ्याकडं.

"न्हाई रे. काढून कुठं देत व्हती ती?"

मग चौकात फ्लेक्स लागला तो आधार कार्डाचा. मोठा केल्यावर त्यात तोंड असं उरलंच नाही. राखेत बोट फिरवावं तसा डाग, आणि खाली भावपूर्ण श्रद्धांजली.

दहाव्याला अख्खा गाव नदीच्या घाटावर होता. गोकुळनं पिंड ठेवला. भोवती म्हातारीच्या आवडीची कांदाभजी, शेंगदाण्याची चटणी, तंबाखूची चिमूट. बाभळीवर कावळे बसले होते. एकही खाली येईना.

"आई, काय राहिलं असंल ते सांग," गोकुळ हात जोडून म्हणाला. "तुझ्या नातीचं, शितलचं लग्न थाटात करीन."

कावळे बसूनच.

"तुझी गाय विकत न्हाई, आई."

ऊन चढायला लागलं. बायका रडायच्या थांबल्या आणि कुजबुजायला लागल्या. गुरुजींनी दर्भाचा कावळा करायला घेतला. म्हातारीचा जीव कशात अडकला, हे कोणालाच कळेना.

आनंदराव घाटाच्या वरच्या अंगाला वडाआड उभे होते. अर्थात कॅमेरा घेऊन. रडणारी माणसं बेसावध असतात, असं त्यांचं मत होतं. कावळे जवळून दिसावेत म्हणून त्यांनी लेन्स बाभळीवर रोखली, आणि त्यांच्या मानेवरून घामाची धार गेली. एकाही कावळ्याचं तोंड पिंडाकडं नव्हतं. सगळ्यांच्या चोची त्यांच्याकडं होत्या. सरळ लेन्समध्ये.

कोणाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं ते पुटपुटले, "आक्का... पुसतो फोटो. कुणाला दाखवत न्हाई. तुझ्या पिंडाची आण..."

फडफड झाली. कावळा खाली आला आणि भजीला चोच मारून गेला. "गायीतच जीव व्हता म्हातारीचा!" बायका म्हणाल्या. गोकुळनं जमिनीवर डोकं टेकवलं.

घरी येऊन आनंदरावांनी फोटो उघडला. पुसायच्या बटणावर अंगठा ठेवला. भिंतीवरून तुळजाबाई हसत होती. तेवढ्यात फोन वाजला.

"आबा, परीक्षकांनी तुमचा फोटो बाजूला काढून ठेवलाय. मधल्या भिंतीवर लावणार! तुम्ही यायलाच पायजे."

मधली भिंत. जन्मभर मशीनवर उभं राहिलेल्या माणसाला कोणी कधी मधली भिंत दिली नव्हती. आनंदरावांनी अंगठा उचलला. मेलेल्या माणसाला काय कळतंय? आणि फोटो तर दौंडला लागणार. केंदूरचं कोण दौंडला जातंय मरायला?

त्यानंतर ते शिरूरच्या बाजारात गेले आणि नेहमीसारखे फोटो काढून आले. मेथीवाली भांडत होती, न्हावी जांभई देत होता, एक म्हातारा जिलबीचा पाक चाटत होता. घरी येऊन बघितलं तर मेथीवालीची पाठ. न्हाव्याची पाठ. जिलबी खाणाऱ्या म्हाताऱ्याचं टक्कल, मागून.

"बुरशी लागली लेन्सला," ते मोठ्यानं म्हणाले. मलमलीनं काच पुसली, फुंकणीनं धूळ उडवली. पुन्हा गेले. पुन्हा पाठीच. एका लहान पोराला तर त्यांनी समोरून टिपलं होतं, ते पोर जीभ काढून दाखवत असताना. फोटोत पोराची मान, आणि मानेवर दृष्ट लागू नये म्हणून लावलेली काजळाची तीट.

अंथरुणावर पडल्या पडल्या त्यांच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. लेन्स बिघडली तर माणूस धुरकट येतं. पाठमोरं येत नाही.

तरी ते दौंडला गेलेच. धुतलेलं धोतर, नवी टोपी. हॉलमध्ये शिरले तेव्हा मधल्या भिंतीपुढं गर्दी होती. रविराजनं हाताला धरून पुढं नेलं. "सरका, सरका, आमच्या आबांना येऊ द्या!"

एक परीक्षक, जाड चष्म्याचा माणूस, दोन्ही हातांनी त्यांचा हात धरून म्हणाला, "काय संयम आहे हो तुमचा! एवढा बोलका क्षण, आणि तुम्ही चेहरा दाखवलाच नाही."

आनंदरावांनी वर बघितलं. फोटोत कांद्याचा ढीग होता, चाळीचा अंधार होता. आणि नकुशाक्काची पाठ. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला.

"तोंड व्हतं की हिला," ते हळूच म्हणाले. "रविराज... हसत व्हती ही. तूच सोनं म्हणालास."

"व्हय आबा, सोनंच हाय की," रविराज म्हणाला. पण फोटोकडं बघताना त्याची भुवई जरा वर गेली. "आधीपासून असाच व्हता ना? तुम्ही दिला तसाच छापलाय..."

परीक्षकानं बक्षीस त्यांच्या हातात ठेवलं आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हॉलमध्ये कांद्याचा कुजकट वास दाटला होता. कोणी नाक मुरडलं नाही.

बक्षीस तिथंच टाकून आनंदराव निघाले. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी कॅमेरा उघडला आणि नकुशाक्काचा फोटो पुसला. मग बाजारातले पुसले, मग कार्डातलं होतं नव्हतं ते सगळं पुसलं. "पुसला गं आक्का, पुसला," ते पुटपुटत राहिले. शेजारची बाई उठून दुसऱ्या बाकावर गेली. फोटो पुसल्याचं त्यांना आता काहीच वाटत नव्हतं. जीव सगळा घरातल्या भिंतीवर अडकला होता.

घरी पोचले तेव्हा दिवे लागायची वेळ, आणि लाइट गेलेली. दार उघडताच तो वास आला. त्यांनी कंदील पेटवला आणि भिंतीपुढं धरला.

तुळजाबाई पाठमोरी होती.

विहीर नव्हती, धुणं नव्हतं. अंधारात बसलेली तुळजाबाई, तिचा अंबाडा, तिच्या मानेवरचा तो तीळ. आणि तिच्या खांद्यापलीकडं, लांब उजेडात, कांद्याच्या ढिगाशी नकुशाक्का. मान मागं टाकलेली, उरलेसुरले दात उघडे, टाळीसाठी पुढं केलेला हात. आणि त्या हातावर तुळजाबाईचा हात.

तुळजाबाईचा दुसरा हात मागं आलेला होता. बोटं पदराच्या काठाला लागलेली. पदर अजून खांद्यावरच होता.

"तुळजा," आनंदराव म्हणाले. "न्हाई... नको ओढू. चुकलं माझं. एकदा बघ इकडं."

त्यांनी खुर्ची ओढली, कॅमेरा मांडीवर घेतला आणि भिंतीपुढं बसले. पापणी लवू द्यायची नाही. बघत राहिलं तर हात हलणार नाही, असं त्यांना का वाटलं कोण जाणे. डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. मागं, जिथं नुसती कोरी भिंत होती, तिकडून सुकी फोलपटं खसखसली. मग दोन बायकांचं दबकं खिदळणं. वळून बघावं तर इकडं पदर वर जाणार. ते वळले नाहीत.

मागं बटण दाबल्याचा आवाज झाला.

ते दचकले. पापणी लवली. डोळे उघडले तेव्हा तुळजाबाईच्या डोक्यावर पदर होता.

बऱ्याच वेळानं त्यांनी मांडीवरचा कॅमेरा चालू केला. पुसलेल्या कार्डात एक फोटो होता. खुर्चीत बसलेला एक म्हातारा, कंदिलाच्या उजेडात, पाठमोरा. बेसावध. फोटो लांबच्या लेन्सनं घेतलेला होता, हे आनंदरावांना बघताक्षणी कळलं. ह्या लेन्सनं अख्खा माणूस एवढा मावायचा तर अंगण ओलांडून पार रस्त्यापर्यंत मागं जावं लागतं. त्यांच्या पाठीमागं हातभर जागा होती, आणि मग भिंत.